पाटीवरचं अकरावं नाव

मी एक दमलेली पितळी पाटी आहे, मित्रांनो. जुनी तर आहेच. पण जुनेपणाचं मला काही वाटत नाही, शीण मात्र वाटतो. या संग्रहालयात माझ्या आजूबाजूला जे कोणी आहेत, त्या सगळ्यांची रड एकच. कवायतीच्या लाकडी बंदुका म्हणतात, आम्हाला कोणी विचारलं नाही. बँडचा फाटका ढोल म्हणतो, मला अडगळीत टाकलं. मी मुकाट्याने ऐकून घेते. माझं गाऱ्हाणं अगदी उलटं आहे. मला फार जपलं. इतकं जपलं की माझ्या अंगावरचं एक माणूस त्या जपण्यात पुसून गेलं. त्याचीच ही हकिगत आहे.

सातपूरच्या पुढे, त्र्यंबकच्या रस्त्याला पूर्वी एक सैनिकी शाळा होती. पासष्टच्या लढाईनंतर शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मनात आलं की आपल्या मुलांपैकी जे रणात पडले त्यांची नावं कुठेतरी दिसायला हवीत. शाळेच्या नेमबाजीच्या मैदानावर रिकाम्या काडतुसांची पोती साठली होती. ती नाशकात तांबट आळीत नेऊन वितळवली आणि त्यातून मी झाले. तांबट सारखा कुरकुरत होता. हे पितळ फार अडेल आहे, हाताचं ऐकत नाही, म्हणायचा. पण त्याची कोरणी खोल जायची. त्याने पहिल्या वर्षी चार नावं कोरली आणि एकाहत्तरनंतर आणखी सहा. मला सागवानी फळीवर चार स्क्रूंनी बसवलं आणि भोजनगृहाच्या दाराशी लावलं. खाली रिकामी जागा मुद्दाम सोडली होती. ती तशीच रिकामी राहो, असं तेव्हा सगळेच म्हणाले.

आता शाळेची एक रीत सांगते. सकाळची कवायत झाली की मुलं न्याहारीसाठी माझ्यासमोर रांग लावत. पण मी चमकत नाही तोवर दार उघडायचं नाही! दर आठवड्याला एका खोलीची पाळी. तिला 'पाटी-ड्युटी' म्हणत. भोजनगृहामागच्या झाडाची चिंच आणायची, फुटक्या विटेची पूड करायची आणि मला घासत सुटायचं. मागे दीडशे मुलं भुकेने कासावीस झालेली. घासणारा पोरगा किती जोर लावत असेल, ते तुम्हीच ठरवा.

आणि मला तपासायला दत्तू हवालदार यायचे. हे सटाण्याकडचे. फौजेतली नोकरी संपवून पंचाहत्तर साली शाळेत कवायत शिकवायला आले. छाती रुंद, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा, आणि मिश्या म्हणाल तर दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या. ते माझ्यासमोर वाकून उभे राहत. माझ्यात त्यांना स्वतःच्या मिशीचा एकेक केस दिसला पाहिजे. दिसला, की सरळ होऊन ओरडत, "पास शे!" त्यांच्या गावाकडची बोली ती, 'शे' म्हणजे आहे. मग दार उघडायचं आणि मुलं आत धावायची. नाही दिसला तर "फिरसे!" आणि पुन्हा चिंच. मुलं मागे त्यांची नक्कल करत. कोणी परीक्षेत पास झालं तरी "पास शे", पोहे बरे झाले तरी "पास शे".

अठ्ठ्याहत्तर साली पेठकडच्या एका पाड्यावरून दहा वर्षांचा एक मुलगा आला. मंगळू गावित. आईबाप गेलेले, मोठ्या बहिणीने सांभाळलेला. त्याची पहिली पाटी-ड्युटी मला अजून आठवते. बाकीची मुलं मला भांडं घासावं तशी घासत. हा मात्र एकेका ओळीशी थांबायचा, मोठ्याने नाव वाचायचा आणि मग ती ओळ घासायचा. मागून आरडाओरडा झाला, तेव्हा वळून म्हणाला, "नाव घेतल्याबिगर कोणाच्या अंगाला हात कसा लावू?" हवालदारांनी ते ऐकलं. ते कधी कोणाची स्तुती करत नसत. त्या दिवशी त्यांनी फक्त रांगेला गप्प केलं.

त्याची बहीण तानुबाई महिन्यातून एखाद्या रविवारी नागलीच्या भाकरी बांधून यायची. दोघं माझ्यासमोरच्या पायरीवर बसून खात. एकदा तिने विचारलं, "हे काय लिव्हलंय रं?" मंगळूने सांगितलं, इथून शिकून गेलेल्या आणि लढाईत मेलेल्या पोरांची नावं आहेत. तिने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तुझं नको रं बाबा तिथं," म्हणाली.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात उत्तरेकडे पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा कोसळला आणि नाईक मंगळू गावित त्याखाली गेला.

तोवर शाळेची घडी विस्कटत चालली होती. मुलं कमी झाली होती, छपरं गळत होती. तांबट आळीतला तो कारागीरही राहिला नव्हता. प्रजासत्ताक दिन चार दिवसांवर आला होता आणि नाव तर घातलंच पाहिजे. हवालदारांनी मला फळीवरून सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि भांडी बाजारात नेलं. तिथे दुकानाच्या ओट्यावर निवृत्ती नावाचा माणूस बसायचा. लग्नातल्या ताटांवर 'मामाकडून सप्रेम भेट' असं घालून द्यायचं, हा त्याचा धंदा. त्याने मला उलटसुलट केलं. "हवालदार, कोरीवकाम माझ्याच्यानी नाय व्हायचं. टिंबाटिंबाचं घालून देतो. चालंल का?" हवालदार म्हणाले, चालेल. निवृत्तीने मला मांडीवर घेतलं, एक टोकदार खिळ्यासारखं हत्यार लावलं आणि छोट्या हातोडीने टक् टक् टक् करत, शेजाऱ्याशी कांद्याच्या भावाच्या गप्पा मारत, पंधरा मिनिटांत नाव घातलं. ताटावर घालतात तसं. दहा जणांची नावं खोल कोरलेली आणि अकरावं टिंबांचं. मला तेव्हा ते फार लागलं. आमच्या मंगळूला असं ताटावरचं नाव का?

तानुबाईला कळवलं. ती आली. तिला वाचता येत नव्हतं. हवालदारांनी तिची तर्जनी धरली आणि माझ्या शेवटच्या ओळीवरून टिंबाटिंबाने फिरवली. "हा मं. वर टिंब आहे बघा. हा ग. आणि हा ळू. याचे दोन वेढे आणि खाली शेपूट." ती पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली. घरी त्याचा एकच फोटो होता, तो कुडाच्या भिंतीतून उंदरांनी नेला. अंगावरचे कपडेदेखील परत आले नव्हते. म्हणजे जगाच्या पाठीवर तिला हाताने धरता येईल असा मंगळू एवढाच उरला होता.

तेव्हापासून दर वर्षी संक्रांत झाली की ती यायची. पाड्यावरच्या बाया दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला उतरत, त्यांच्याबरोबर तीही उतरायची. एक दिवसाची सुट्टी मागून घ्यायची, दोन बस बदलायची, माझ्यासमोर उभी राहायची. बोट फिरवायची. ळ वर आलं की बोट दोनदा गरगर फिरायचं आणि ती हसायची. मग डोक्यावरचा पदर सारखा करून निघून जायची. मित्रांनो, मला लोकांनी फुलं वाहिली आहेत, सलाम ठोकले आहेत. पण त्या एका बोटाची मी वर्षभर वाट पाहायचे.

आणि रोजचं घासणं? ते चालूच होतं. चिंच, वीट, पास शे. शाळा मोडकळीला आली, तसे हवालदार माझ्यावर जास्तच जीव लावू लागले. बाकी सगळं हातातून निसटतंय, निदान पाटी तरी झळकली पाहिजे, असं त्यांना वाटत असावं. खोल कोरलेल्या नावांना त्याचं काही वाटलं नाही. टिंबं मात्र दर वर्षी थोडी थोडी उथळ होत होती. हे मला कळत होतं, तानुबाईच्या बोटाला कळत होतं. फक्त हवालदारांना कळत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष मिशीकडे.

शहाण्णव साली शाळा बंद झाली. मुलं गेली, मास्तर गेले. हवालदार तेवढे चौकीदार म्हणून राहिले. मला फळीसकट गोणपाटात गुंडाळून कोठीत ठेवलं. तिथे मी काळी पडले, कडेला हिरवी बुरशी धरली. तुम्ही म्हणाल, किती हे हाल! अहो, कसले हाल? मी आयुष्यात पहिल्यांदा निजले. तानुबाई आली की हवालदार कोठी उघडत, मला उजेडात आणत. ती बोट फिरवायची. काळ्या पाटीवर मंगळू होता तसा होता. अशी आठ-नऊ वर्षं गेली. मला विचाराल तर तेच माझे सुखाचे दिवस.

मग माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ठरवलं, शाळेची आठवण म्हणून संग्रहालय करायचं. जुनं भोजनगृह दुरुस्त झालं. मांडणीचं सगळं काम ज्योत्स्नाताईंकडे होतं. या नाशकातल्या, जुन्या वस्तूंचं शिक्षण घेतलेल्या, बोलायला मऊ पण कामाला चोख. त्यांनी मला पाहिलं, बोटाने खालची ओळ चाचपली, हवालदारांकडून तानुबाईची हकिगत ऐकली आणि त्यांना म्हणाल्या, "काका, हिला फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं. पॉलिश नाही, चिंच नाही. हा काळेपणा म्हणजेच तिचं वय आहे. तो राहू द्या."

"जी मॅडम," हवालदार म्हणाले. पण माणूस सत्तरीचा, अर्धं आयुष्य तपासणीत गेलेलं. पाहुणा यायचा म्हणजे झाडांना गेरू-चुना, दगडांना पांढरा रंग, बुटांना आरशासारखी चमक. आणि उद्घाटनाला तर मोठे निवृत्त अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर शहिदांची पाटी काळीकुट्ट? हवालदारांना घास गोड लागेना. मला बघून एकदा तर ते चक्क रडले. "पोरांनो, माफ करा," असं त्या अकरा नावांना म्हणाले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फळीवरून सोडवलं आणि रिक्षात घालून सातपूरला नेलं. तिथे त्यांचा भाचा मल्हारी याची पॉलिशची शेड होती. नळाच्या तोट्या, गाड्यांचे भाग असलं काहीबाही तिथे चमकवत. मल्हारी म्हणाला, "मामा, दहा मिनिटं द्या. आरसा करून देतो." आधी खरखरीत पट्टा फिरला, मग कापडी चाक. तीस वर्षांत चिंचेने आणि विटेने जे केलं नव्हतं, ते त्या यंत्राने दहा मिनिटांत केलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आलं असतं तर सातपूरचे सगळे भोंगे त्यात बुडाले असते.

हवालदारांनी मला दारातल्या उजेडात धरलं. वाकले. मिशी दिसली, पांढरीशुभ्र, केसन्‌केस. "पास शे!" म्हणाले, अगदी जुन्या आवाजात. मग त्यांची नजर खाली घसरली. जिथे मंगळूचं नाव होतं, तिथे त्यांना स्वतःची हनुवटी दिसली.

मल्हारी काहीतरी विचारत होता. त्यांना ऐकू आलं नाही.

उद्घाटन थाटात झालं. माझ्या खालच्या कडेवर हवालदारांनी झेंडूचा जाड हार असा सोडला होता की शेवटची ओळ झाकली जावी. पाहुण्यांनी सलाम केला. "वा, काय ठेवलीय पाटी!" असं तीनदा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. गर्दी पांगल्यावर ज्योत्स्नाताईंनी हार उचलला आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, मी काय सांगितलं होतं?"

हवालदार टाचा जुळवून सावधान उभे होते. 

"त्या बाई कधी येतात?"

"आठ दिवसांत."

"यंत्रावर पुन्हा कोरून घेऊ," असं हवालदार मग म्हणाले. ज्योत्स्नाताईंनी त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. "कोरता येईल. पण त्यांचं बोट फसणार नाही. आधी त्यांना सांगा. तुम्हीच सांगा." त्यांनी मला फळीवरून उतरवलं. हवालदारांनी मला धोतरात गुंडाळून आपल्या खाटेखाली सरकवलं. आठ दिवस त्यांनी मिशीला पीळ दिला नाही.

तानुबाई आली ती भर दुपारी. हातांना द्राक्षाच्या औषधाचा निळसर डाग होता. दाराशी नुसती फळी बघून थबकली. "पाटी कुठं हाय, दादा?"

आणि हवालदार खोटं बोलले. जो माणूस मुलांना खोटं बोलल्याबद्दल मैदानाला दहा चकरा मारायला लावायचा, तो खोटं बोलला. "दुरुस्तीला गेलीय, बाई. पुढच्या वर्षी या."

"मंग बसते," ती म्हणाली. "आज ना उद्या येईलच ना. वरीसभर दम नाय निघत आता." आणि पायरीवर बसली. त्याच पायरीवर. पिशवीतून भाकर काढली, अर्धी मोडून हवालदारांपुढे धरली. "घ्या. तुमी काय जेवलेलं दिसत नाय."

ती अर्धी भाकर बघितली आणि हवालदारांचा धीर सुटला. ते उठून खोलीत आले, मला खाटेखालून ओढलं, बाहेर आणून तिच्यासमोर पायरीवर ठेवलं. ती माझी चकाकी बघून आधी खूश झाली. मग तिने बोट ठेवलं. नेमक्या जागी. बोट डावीकडून उजवीकडे गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. माझ्या अंगावर एक टिंब नव्हतं. मी थंड गुळगुळीत पडून होते आणि ते खरबरीत बोट मला शोधत होतं.

हवालदार तिच्यासमोर सावधान उभे राहिले. एखाद्या मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसे. "माझ्या हातानं पुसला, बाई. मॅडम नको म्हणत होत्या. मी यंत्राखाली दिला. मला वाटलं, पाहुण्यांपुढे पोरांची पाटी चमकली पाहिजे. काय शिक्षा द्यायची ती द्या."  हात मांड्यांना चिकटलेले, आणि डोळ्यांतून वाहिलेलं पाणी मिशीत उतरत होतं.

 तानुबाई रागावली नाही, रडली नाही. तिने मला त्यांच्यापुढून घेतलं आणि मांडीवर आडवं ठेवलं, सूप धरतात तसं, दोन्ही हात खालून लावून. कितीतरी वेळ ती समोरच्या मैदानाकडे बघत होती. तिथे आता गवत वाढलं होतं.

मग तिची खालची बोटं थांबली.

मित्रांनो, नाव पडल्यापासून माझी पाठ कोणी बघितली नव्हती. ती फळीला चिकटलेली. तिला कधी चिंच लागली नाही, वीट लागली नाही. मल्हारीच्या यंत्रानेही तिला सोडलं, कारण पाठ कोण बघणार? ती जन्मल्यापासून काळीच राहिली होती. आणि निवृत्तीने कांद्याच्या गप्पा मारत टक् टक् करून जी टिंबं ठोकली होती, ती दुसऱ्या बाजूला बारीक बारीक फुगून आली होती. कोरणी पितळ खरवडून काढते, मागे ढकलत नाही, म्हणून खोल कोरलेल्या दहा नावांची पाठीवर खूणही नव्हती. ताटावर घालतात तशा नावाची मात्र होती. मला जे लागलं होतं तेच उपयोगी पडलं.

तिने मला पालथं केलं. बोट उलटीकडून निघालं, उजवीकडून डावीकडे. अडखळलं, मागे आलं, पुन्हा निघालं. ळ वर येताच दोनदा गरगर फिरलं.

"हाय की," ती म्हणाली. "हितं हाय. पालथा निजलाय." तिचं बोट ळ वरच राहिलं. "लहानपनी बी असाच निजायचा, दादा. पोटावर. मी सुलटा करायची, पुन्ना पालथा. म्या म्हनायची, निज बाबा, तुला जसं बरं वाटंल तसं."

आणि मग ती रडली. चौदा वर्षांचं साठलेलं रडली. हवालदार सावधान सोडून तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि तिने दिलेली अर्धी भाकर खाऊ लागले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

आज मी फळीवर नाही. ज्योत्स्नाताईंनी मला दाराशी एका लोखंडी चौकटीत अशी उभी केली आहे, की दोन्ही बाजूंनी येता यावं. पुढून दहा नावं, मागून एक. सहलीची मुलं येतात, पुढे आपले चेहरे बघून दात विचकतात आणि मग मागे जाऊन विचारतात, ही बाजू अशी काळी का? हवालदार त्यांचं बोट धरतात आणि उलटीकडून फिरवतात. सांगतात मात्र फक्त नाव. बाकीचं मी तुम्हाला सांगितलं.

तेव्हा मित्रांनो, एका दमलेल्या पाटीचं एवढं ऐका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला उजळवायला हात उचलाल, तेव्हा आधी त्याच्यावरून हलकेच बोट फिरवून बघा. तिथे कोण आहे ते विचारा. मंगळू विचारायचा तसं, नाव घेऊन.

परवा संक्रांतीनंतर तानुबाई येऊन गेली. ती गेल्यावर हवालदार माझ्या मागे आले. गुडघे धरतात आता, तरी वाकले. माझ्या काळ्या पाठीत बराच वेळ बघत राहिले. मिशी दिसली नाही. डोळे नाहीत, हनुवटी नाही, काहीच नाही. ते हळूच सरळ झाले, टाचा जुळवल्या आणि कोणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पास शे."